मागची धार

“हे मी त्यांना विचारलं होतं, रचनाताई,” शिवानी म्हणाली. आवाज न चढवता, हसूनच म्हणाली. गिरगावातल्या तिसऱ्या मजल्यावरची ती खोली, टेबलावर पसरलेली चित्रांची कार्डं, आणि समोर रचनाचा नवरा विनेश, उजवा हात मांडीवर ठेवून बसलेला. ठेवून म्हणजे डाव्या हाताने उचलून ठेवलेला. झटक्याने ज्यांची वाचा जाते त्यांना पुन्हा बोलायला शिकवणं हे शिवानीचं काम. तिने विनेशला विचारलं होतं, सकाळी काय खाल्लंत, आणि रचना म्हणाली होती, पोहे. एवढंच. त्यात वावगं काय होतं? पोहेच खाल्ले होते त्याने. पण शिवानीच्या त्या वाक्यानंतर खोलीत जी शांतता पडली तिच्यात रचनाने विनेशकडे बघितलं, आणि तिच्या लक्षात आलं की तो शिवानीकडे बघत नाही, कार्डांकडेही नाही, तर आपल्या तोंडाकडे बघतोय. रांगेतला पुढचा माणूस कधी बाजूला होतोय याची वाट बघावी तसा. मग शिवानी दुसरं काहीतरी बोलली, पंखा फिरत राहिला, खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. दोघं गेटवेला आले, बोटीत बसले, मांडव्याला उतरले, तिथून थळला घरी. वाटेत रचना नेहमीपेक्षा जास्तच बोलली. मासळीचं, शाळेच्या ऑफिसातल्या कामाचं, कशाकशाचं. आणि बोलताना सारखं तिला स्वतःचंच तोंड हलताना जाणवत होतं.

आत्तासुद्धा, किहीमच्या समोर दर्यात, सुकाणूचा दांडा धरून बसलेली असताना ती तेच वाक्य उलटंसुलटं करत होती. त्यांना विचारलं होतं. त्यांना. ऑक्टोबरचं ऊन पाठीवर चढत होतं आणि समुद्र तेल ओतल्यासारखा सपाट पडला होता. विनेश तिच्याकडे पाठ करून, इंजिनाच्या पेटीला टेकून बसला होता. खरं तर त्याने यायचंच नव्हतं. विनेशची होडी रेवसला नेऊन बाळाजीच्या ताब्यात द्यायची, हे गणपतीतच ठरलं होतं. बाळाजी विनेशचा चुलतभाऊ, मेहनती माणूस. होडी तो चालवील, होडी नुसती पडून सडण्यापेक्षा बरं. नारळी पौर्णिमा होऊन गेली, बंदरातल्या सगळ्या होड्या पाण्यात उतरल्या, आणि ही एकटी किनाऱ्यावर कलंडून पडली होती. येताजाता ती बघवेना म्हणून रचनानेच हे ठरवलं. सासूने, मनुबाईने, ऐकून घेतलं आणि सुपातला जवळा पाखडत राहिली. विनेशला विचारलं होतं. म्हणजे रचना त्याला म्हणाली होती, “चालेल ना? चालेल.” आत्ता ते आठवून तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आज बाळाजीच येणार होता न्यायला, पण काल त्याच्या पायात शिंगाळा माशाचा काटा गेला आणि पाऊल सुजून बसलं. “मीच आणते,” रचना म्हणाली. होडी सरळ रेषेत हाकायला विनेशनेच तिला शिकवलं होतं, लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात. सकाळी ती बंदरावर आली, तर मागून पाय ओढत, ओल्या वाळूत एका बाजूला खोल रेघ काढत विनेश आला, होडी पाण्यात लोटायला आलेल्या दोघा जणांच्या आधाराने होडीत चढला आणि बसला. “अरे, उतर ना,” ती म्हणाली. “सोमवार,” विनेश म्हणाला.

शिमग्याच्या आधी झटका आला तेव्हापासून त्याच्याजवळ तेवढा एकच शब्द उरला होता. पाणी हवं असलं की सोमवार, उशी टोचली की सोमवार, दारात कोणी आलं की या-बसाचा सोमवार. बाकीचे सगळे शब्द आतच कुठेतरी होते, शिवानी म्हणायची, गेलेले नाहीत, वाट सापडत नाही त्यांना. आणि मग ती वाट सापडेपर्यंत रचना होतीच. सोमवार आला की ती त्याला पुढचं मागचं जोडून द्यायची: पाणी ना? देते. ऊन लागतंय? सरकवते. तो बहुतेक वेळा मान हलवायचा. बहुतेक वेळा.

वास तिला आधी आला नसता, इतकी ती आपल्यातच होती. पण विनेशची पाठ ताठ झाली. त्याने नाक वर केलं, वळून इंजिनाच्या पेटीवर डावा तळवा ठेवला आणि झटकन काढला. “सोमवार,” तो म्हणाला. “काय झालं? तहान लागली?” त्याने फळीवर मूठ आपटली. “सोमवार! सोमवार!” तेव्हा कुठे तिच्या नाकात तो वास शिरला, तापलेल्या रंगाचा आणि रबराचा, आणि तिने मीटरकडे पाहिलं. काटा पार लाल पट्ट्यात जाऊन टेकला होता. इंजिनाचा आवाजही बदलला होता, घोगरा, कोरडा. तिने घाईघाईने इंजिन बंद केलं. एकदम इतकी शांतता झाली की पाण्याची फळ्यांवरची चुळचुळ ऐकू यायला लागली. पेटीच्या फटीतून वाफेची एक बारीक शेंडी निघाली आणि हवेत विरली.

पुढच्या काही क्षणांत तिने जे जे केलं त्यातलं बहुतेक चुकीचं होतं, हे तिला नंतर कळलं. पेटी उघडली, प्यायच्या पाण्याची बाटली घेतली, इंजिनाच्या टाकीचं झाकण फिरवायला हात घातला, आणि विनेशने तिचं मनगट पकडलं. डाव्या हातात सगळं बळ उतरलं होतं त्याच्या. त्याने तिचा हात मागे ओढला आणि तोंडाने ‘फस्स’ असा आवाज काढून स्वतःच्या चेहऱ्यासमोर बोटं फाकली. उकळतं पाणी तोंडावर उडालं असतं. तिने बाटली खाली ठेवली. तिने बाळाजीला फोन लावला.

“वैनी, नांगर टाका आधी,” बाळाजी म्हणाला. “मी कोणाला तरी पाठवतो. पन सगल्या होड्या लांब गेल्यात, येळ लागंल. विनेशदादा हाय ना संगती?”

“हो, तो आहे, पण—”

“मग झालं,” बाळाजी म्हणाला आणि फोन ठेवला.

मग झालं? तिला राग आला. माणसाला स्वतःच्या सदऱ्याचं बटण लावता येत नाही, आणि मग झालं! तिने पुढे जाऊन नांगर पाण्यात ढकलला, दोर सळसळत गेला आणि थांबला. होडीने हळूच तोंड फिरवलं. वाटलं, धरला. पण विनेश किनाऱ्याकडे बघत होता. हनुवटीने त्याने तिला दाखवलं: मोबाइलचा टॉवर, आणि त्याच्यामागे उतरत आलेली डोंगराची सोंड. तिने पाहिलं. काय बघायचं ते कळेना. ती बोलणार होती, काहीतरी, काहीही, पण या वेळी नुसतीच बघत राहिली, आणि बघता बघता टॉवर सोंडेच्या टोकापासून सुटा झाला आणि सुरूच्या झाडांमागे सरकायला लागला. “आपण सरकतोय,” ती म्हणाली. त्याने मान हलवली. खाली खडक होता, नांगर नुसता खरवडत येत होता. ओहोटी लागली होती. आणि जिकडे होडी सरकत होती तिकडे, फार लांब नाही, पाण्यातून काळे खडक वर यायला लागले होते, त्यांच्याभोवती पांढरी फेसाची किनार. विनेशने हाताने सोडण्याची खूण केली. तिने आणखी दोर सोडला. टॉवरचं सरकणं मंदावलं. थांबलं नाही, मंदावलं.

इंजिन निवेपर्यंत करण्यासारखं काही नव्हतं. ती त्याच्यासमोर बसली. लाटाही नव्हत्या. आणि त्या शांततेत तिला समजलं की झटक्यानंतर त्या दोघांत इतकी शांतता आज पहिल्यांदाच होते आहे. घरी तिने ती कधी होऊच दिली नव्हती. भांडुपला तिच्या माहेरी बोलणं म्हणजे कामापुरतं. वडील जेवायला बसले की ताटवाटीचा आवाज तेवढा. आईला काही हवं असलं तर ती बोट दाखवायची. लहानपणी रचनाला वाटायचं, आपल्या घरात कोणीतरी झोपलेलं आहे आणि ते जागं होईल म्हणून सगळे जपून वागतात. मग ऑफिसची सहल नागावला आली आणि समुद्रात चक्कर मारून आणणाऱ्या होडीवर हा माणूस भेटला, इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून बोलणारा, सवयीने जमिनीवरही तसाच ओरडून बोलणारा. त्याने तासाभरात तिला बोंबलाच्या जातीपासून स्वतःच्या आजोबांच्या लग्नापर्यंत सगळं सांगितलं होतं. मैत्रिणी हसत होत्या. तिला मात्र वाटलं होतं, घरात झोपलेलं ते जे कोण होतं ते जागं झालं आणि काहीही बिघडलं नाही. ते बोलणं ऐकायलाच तर ती मुंबई सोडून थळला आली. आणि फेब्रुवारीतल्या त्या सकाळी ते थांबलं, रेडिओची बॅटरी काढावी तसं, तेव्हा तिने काय केलं? ती स्वतः बोलायला लागली. त्याच्यासाठी, असंच ती समजत होती. शेजारणी म्हणत, किती करते गो नवऱ्याचं. पण शिवानीला तिने पोहे असं सांगितलं ते विनेशसाठी नव्हतं. प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये जी पोकळी पडणार होती ती तिला ऐकवत नव्हती, म्हणून. ती घाबरलेली होती. एवढं साधं होतं ते.

विनेशने पेटीवर टकटक केलं. निवलं होतं.

“सांग,” ती म्हणाली, आणि गप्प बसली. त्यालाही नवल वाटलं असावं. त्याने तोंड उघडलं, मिटलं. मग ओठांचा चंबू करून हवा आत ओढली, नारळपाणी प्यावं तशी, आणि बोटाने होडीच्या तळाकडे दाखवलं. पाणी पिणं. खालून. आणि एकदम तिला त्याचाच आवाज ऐकू आला, त्या पहिल्या उन्हाळ्यातला: “इंजिनाला पन तहान लागते गो. दर्याचं पानी खालनं पितं, अंगभर फिरवतं नि मागनं धुराबरोबर टाकतं. मागची धार बघत जा. धार हाय तवर इंजिन हाय.” धार! निघाल्यापासून तिने एकदाही मागे वळून बघितलं नव्हतं. होडीच्या मागच्या नळीतून पाणी पडतंय का, कधी थांबलं, काही नाही. ती बसली होती एका वाक्याला कवटाळून.

पाणी आत येतं तिथे कचरा अडवायला जाळीची एक बाटली बसवलेली असते. विनेशने मूठ फिरवून दाखवली. तिने बाटलीचं झाकण फिरवलं, सैल झालं, आणि समुद्र आत आला. मनगटाएवढा पाण्याचा लोट उसळून तिच्या छातीवर आदळला. “सोमवार!” विनेश ओरडला, मूठ पुन्हा पुन्हा फिरवत. ती झाकण दाबत ओरडली, “तूच म्हणालास ना फिरव!” त्याने जोरजोरात मान हलवली, नाही, नाही, आणि वाकून खाली, बाटलीच्याही खाली, दाखवलं. तिथे पितळेची चावी होती, पाण्याचा रस्ता बंद करायची. ती आधी. झाकण मग. तिने चावी आवळली, लोट थांबला. ती चिंब बसली होती, घोट्यापर्यंत पाणी साचलं होतं, आणि तिच्या मनात आलं, घरी असे किती सोमवार मी उलटे लावले असतील? पाणी दिलं तेव्हा त्याला खिडकी हवी असेल. आणि तो प्याला असेल पाणी, दुसरं काय करणार.

जाळीत जेलीफिशचा लगदा होता आणि वेफर्सच्या पाकिटाची चुरगळलेली चांदी. तिने ते खरवडून काढलं, झाकण लावलं, चावी उघडली, विनेशच्या खुणेने इंजिन चालू केलं आणि दोघं मागे वाकून नळीकडे बघत राहिले. धूर आला. कोरडा. धार नाही. तिने इंजिन बंद केलं. खडकांवरच्या फेसाचा आवाज आता स्पष्ट यायला लागला होता. टॉवर सुरूच्या झाडांत अर्धा बुडाला होता. “नाही जमत, विनेश,” ती म्हणाली. “येईल कोणीतरी.” तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने डाव्या हाताने कड धरली आणि उठला.

होडीत उभं राहणं वेगळं आणि घरातल्या जमिनीवर उभं राहणं वेगळं. तिने हात पुढे केला, आणि मागे घेतला. का घेतला ते तिलाही सांगता आलं नसतं. तो गुडघ्यांवर बसला आणि फळ्यांवरून पुढे सरकायला लागला, उजवा पाय मागे ओढत, जाळ्याच्या ढिगाला धरून, त्याच्यावरून. घाम त्याच्या मानेवरून ओघळत होता. नाळेकडच्या, होडीच्या पुढच्या टोकाच्या कप्प्याशी तो पोहोचला, हात आत खांद्यापर्यंत घातला आणि बराच वेळ चाचपत राहिला. बाहेर काढली ती तेलकट फडक्याची पुरचुंडी. त्याने ती दातांत धरली आणि तसाच परत आला. पुरचुंडीत फुलाच्या आकाराचा काळा रबरी पंखा होता, नवाकोरा. पाणी ओढणाऱ्या पंपात हाच फिरतो. कोरडा फिरला की जळतो.

पंपाचं झाकण इतक्या अडचणीत होतं की दोन हात जात नव्हते. तिचा उजवा आणि त्याचा डावा, असे दोनच हात तिथे शिरत होते. तो पान्हा धरायचा, ती स्क्रू फिरवायची. जुना पंखा निघाला. त्याच्या पाकळ्या जळून तुटल्या होत्या. ती नवा बसवायला लागली तर त्याने तिच्या हातावर चापट मारली आणि तुटक्या जागेवर बोट ठेवलं: इथली पाकळी कुठेय? ती वैतागली. “असेल कुठेतरी, गेली!” त्याने हट्टाने पुढची नळी दाखवली. तिने नळी सोडवली, बोट आत घातलं, आणि बोटाच्या टोकाला काहीतरी मऊ लागलं. तुटकी पाकळी तिथे जाऊन आडवी बसली होती. तशीच राहिली असती तर नव्या पंख्यानेही पाणी पुढे गेलं नसतं. तिने ती काढून त्याला दाखवली. तो हसला, ओठाच्या एकाच कोपऱ्याने, पण त्याचंच हसू. मग त्याने नव्या पंख्याच्या पाकळ्या मुठीत आवळून एका दिशेला वाकवल्या, तिने ढकललं, एक स्क्रू निसटून तळातल्या काळ्या पाण्यात पडला, ती पालथी होऊन तो शोधत राहिली, सापडला, आवळला. या सगळ्यात कोणी काही बोललं नाही. आणि ती गप्पता भांडुपच्या घरातली नव्हती. हिच्यात दोघं जागे होते.

त्याने इंजिनाकडे हात केला. तिने चालू केलं. तो मागच्या कडेवरून इतका बाहेर वाकला की तिने त्याचा सदरा मागून मुठीत धरला. धूर. नुसता धूर. खडक आता इतके जवळ होते की त्यांच्यावरचं शेवाळ दिसत होतं. मग नळी एकदा खोकली, थुंकल्यासारखं थोडं पाणी पडलं, थांबलं, पुन्हा पडलं, आणि मग धुराच्या पोटातून धार सुटली, जाड, अखंड, उन्हात चकाकणारी. विनेशने तिच्यात हात धरला, ओल्या हाताने स्वतःचं तोंड पुसलं. रडत होता की पाणी होतं कोण जाणे. मीटरचा काटा हळूहळू वर चढला, मध्यावर आला आणि तिथे राहिला. तिने धावत जाऊन नांगर ओढला. हाताची सालटं निघाली, कळलं नाही. होडी खडकांना पाठ करून निघाली.

फोन वाजला. “वैनी, होडी पाठवतो तिकडं,” बाळाजी म्हणाला.

“नको भाऊजी. इंजिन सुरू झालं. विनेशने केलं. आम्ही दोघांनी.”

“मंग येता ना रेवसला? वाट बघतंय मी.”

उत्तर तिच्या जिभेवर होतं. तिने ते गिळलं, स्पीकर लावला आणि फोन विनेशच्या तोंडासमोर धरला. “तूच सांग.” पोकळी पडली. इंजिन धडधडत होतं, त्याचे ओठ हलत होते, आणि तिने फोन तसाच धरून ठेवला. “सोमवार,” शेवटी विनेश म्हणाला, ठामपणे.

“बरं दादा,” बाळाजी म्हणाला. “सोमवारी तर सोमवारी. माझ्या पावलाची सूज पन उतरंल तवर.”

विनेशने रचनाकडे बघितलं. त्याचे डोळे मोठे झाले होते. आणि मग तो हसायला लागला, खांदे हलवत, आणि तिलाही आवरेना. फोन हातातून पडता पडता राहिला. “भाऊजी,” ती कशीबशी म्हणाली, आणि आधी विनेशकडे पाहून घेतलं, त्याने मान हलवली, “भाऊजी, सोमवार म्हणजे न्हाय. होडी न्हाय देत आम्ही.”

परतीच्या वाटेवर त्याने तिला डावीकडे घे अशी खूण केली. तिला पुढे कुणाच्या तरी जाळ्याचे तरंगते बोये दिसत होते म्हणून तिने उजवीकडे घेतलं. त्याने फळीवर मूठ आपटली. “दिसतंय मला!” ती म्हणाली. “सोमवार!” तो ओरडला. “काय सोमवार? जाळ्यावर घालू का त्या माणसाच्या? इंजिनाचं तुला कळतं, बघायला मलाही डोळे आहेत!” “सोमवार, सोमवार, सोमवार!” त्याने हात उडवून, आकाशाला साक्ष ठेवून असं काही ऐकवलं की तिला शब्दन् शब्द समजला, आणि तिने त्याला तसंच सणसणीत उत्तर दिलं. उद्या अलिबागहून आणखी एक जादा पंखा तिनेच आणायचा, आणि गेल्या गेल्या आधी तोच घ्यायचा, विसरायचा नाही, यावरून झालं. धार कोण बघणार यावरून झालं. मध्येच ती दचकली. किती महिने झाले होते? आजारी माणसाशी कोणी भांडत नाही. त्याचं ऐकतात, त्याला समजावतात, त्याच्या मागे त्याच्याबद्दल बोलतात; भांडत नाहीत. ती हे त्याला सांगणार होती, पण तेवढ्यात त्याने पुन्हा डावीकडे हात केला, आणि या वेळी त्याचं बरोबर होतं, आणि त्याचं बरोबर होतं याचाच तिला आणखी राग आला.

थळच्या बंदरात मनुबाई जवळा वाळत घालत होती. होडी परत का आली, हे तिने विचारलं नाही. विनेश दोर टाकायची घाई करत होता, रचना त्याला थांबायला सांगत होती, दोघांचे आवाज चढलेलेच होते. मनुबाईने कपाळावर हात आडवा धरून दोघांकडे पाहून घेतलं.

“पयलं तुमचं भांडान आलं गो,” ती म्हणाली. “होडी मागनं आली.”

आणि पाठ फिरवून ती पसरलेला जवळा पुन्हा पसरायला लागली.